धाकटीचं नाव

चोआ चू कांग, सिंगापूर
मंगळवार, २२ एप्रिल २००३

दादा,

'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. पाच वर्षांत तुझ्यामाझ्यात एक शब्द नाही आणि आज एकदम शिरसाष्टांग नमस्कार घातला, तर तुला वाटेल ही काहीतरी मागायला आली आहे. मागायलाच आले आहे, पण ते पुढे.

फोन करत नाही, कारण मागे दोनदा केला होता आणि माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या फॅक्सवर. श्टुटगार्टमधल्या तुझ्या त्या ऑफिसात तुझ्याखेरीज कुणाला मराठी वाचता येत नसणार, तेव्हा घरातलं चव्हाट्यावर येण्याची भीती नाही. कागद फाडून टाकलास तरी मला कळणार नाही, एवढीच तुझी सोय.

मी घरात कोंडली गेले आहे. सार्सच्या साथीबद्दल तुमच्याकडच्या पेपरात येतच असेल. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे वडील इस्पितळात होते, त्यांना बघायला मी जेमतेम दहा मिनिटं गेले, आणि त्याच वॉर्डात एक सार्सचा पेशंट निघाला. काल सरकारी हुकूम हातात पडला. दोन मेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आज सकाळी मास्क लावलेली दोन माणसं आली आणि जेवणघरातल्या कपाटावर एक कॅमेरा बसवून गेली. दिवसातून केव्हाही फोन वाजतो, कॅमेरा चालू करा म्हणतात, मग मी पासपोर्टच्या फोटोसारखं तोंड करून त्याच्यासमोर उभी राहते आणि थर्मामीटर दाखवते. आज छत्तीस पूर्णांक सात. म्हणजे आजारी नाही, पण सुटकाही नाही.

शिरीषचं काम जुरोंग आयलंडवर. असल्या घरातून येणाऱ्याला तिथल्या बसमध्येसुद्धा चढू देत नाहीत, म्हणून तो कपडे भरून आमच्या मैत्रेयीच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेला. मैत्रेयी कालपासून दाराच्या जाळीला डबा अडकवून जाते आणि कॉरिडॉरच्या पार टोकाला उभी राहून माझ्याशी बोलते. "टेन डेज ओन्ली, आई. डोन्ट बी सो ड्रामा लाह." पोटच्या पोरीने लांबून असं ओरडावं आणि आपण जाळीतून मान डोलवावी, अशी माझी गत आहे.

आता मागणं. या रविवारी माझं विमान होतं. फ्रँकफर्ट आणि तिथून रिगा. दोन वर्षं मी त्याच्या मागे होते. लाइपझिगच्या काही मंडळींनी १९४२ च्या जानेवारीत तिथून गाडीत भरून नेलेल्या ज्यूंची यादी शोधून काढली आहे. त्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेशी माझा पत्रव्यवहार आहे. तिने मला तीन ओळी पाठवल्या. मॅक्स रोझेनथाल, वय त्रेपन्न. क्लारा रोझेनथाल, वय सत्तेचाळीस. लोटे रोझेनथाल, वय बारा.

आईचे आईवडील आणि धाकटी बहीण. त्या गाडीतल्या बहुतेकांचा शेवट रिगाजवळच्या बिकेरनिएकीच्या जंगलात झाला, असं ती लिहिते. तीस एप्रिलला सकाळी अकरा वाजता ही मंडळी तिथे जमून सगळी नावं वाचणार आहेत. ज्याचं कुणी आलं असेल त्याने आपल्या माणसांची वाचायची. ज्यांचं कुणी नाही त्यांची कुणीतरी परकं माणूस वाचेल.

तू तीस वर्षांच्या वर जर्मनीत आहेस. तुझ्याकडे त्यांचा पासपोर्ट आहे, व्हिसा लागत नाही, वाट दोन-अडीच तासांची. तू जा. आईने मला यातलं काही सांगितलं नव्हतं, हे सगळं माझ्याच डोक्यातून निघालं आहे, तेव्हा तिचा हवाला देऊन तुला भरीस घालत नाही. मी कोंडलेली आहे आणि तू मोकळा आहेस, एवढंच कारण.

सुनेत्रा

गुरुवार, २४ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती म्हटलं तर खोटं होईल. मशीन खर्र करेल म्हणून दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले आहे. दुसरं करायला आहे काय म्हणा. भांडी घासून झाली, कपाटं आवरून झाली, खिडकीतून समोरच्या ब्लॉकमधल्या बायकांचं वाळत घातलेलं सगळं पाठ झालं.

परवाच्या पत्रापायी मी शिव्या खाल्ल्या, ते तुला कळवते. आमचा फॅक्स आणि फोन एकाच लाइनवर. तुला चार पानं जात होती तेव्हाच त्या कॅमेरावाल्यांचा फोन येत होता आणि लाइन एंगेज्ड. अर्ध्या तासात एक मुलगी दारात हजर. बाईसाहेब घरातच आहेत हे तिने जाळीतून बघितलं, आणि मग बजावून गेली की पुन्हा फोन लागला नाही तर मनगटाला पट्टी बांधावी लागेल. ती पट्टी घातलेला माणूस घराबाहेर पडला की तिकडे कळतं. कैद्यासारखं. छप्पन्न वर्षांची बाई मी, आयुष्यात कधी लाल दिव्याला रस्ता ओलांडला नाही. आता त्यांचा फोन येऊन गेला की लगेच तुझा फॅक्स लावते, म्हणजे मध्ये थोडा वेळ मिळतो.

कोंडून घातलं की माणूस जुनं उकरत बसतं. मला सारखा चांगी बीचवरचा तो दहावा दिवस आठवतो. आई गेली त्याला दहा दिवस झाले होते, तू विमानाने आला होतास. केळीच्या पानावर पिंड मांडलेला, देवळातले गुरुजी घड्याळ बघताहेत, आणि कावळ्याचा पत्ता नाही. या देशात कावळे माजले की बंदूकवाले आणून मारतात, तेव्हा पिंडाला शिवायला कोण येणार, असं तू म्हणालास. शिरीष आईला उद्देशून म्हणाला, मैत्रेयीचं शिक्षण पुरं करू. मी म्हणाले, तुझी पेटी जपून ठेवीन. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर ती बोलून दाखवावी म्हणजे कावळा येतो, एवढं आपल्याला लहानपणापासून ठाऊक. दोन तास झाले. तू एका बाजूला जाऊन तिथला तो फलक वाचत उभा राहिलास. जपान्यांनी फेब्रुवारी बेचाळीसमध्ये चिनी पुरुषांना त्याच वाळूवर रांगेत उभं करून गोळ्या घातल्या, असं त्यावर लिहिलेलं. तू परत आलास आणि "इथेही" एवढंच म्हणालास.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आणि मी चारचौघांत तुला म्हणाले, "तुझ्यामुळे नाही शिवला. ज्यांनी तिची माणसं मारली त्यांच्यात जाऊन राहिलास, त्याचा हा राग आहे."

तू त्याच दिवशी परत गेलास. ते बोलायला नको होतं, हे मी आज कबूल करते. पण दादा, तू तरी कधी तिला विचारलंस का?

सुनेत्रा

शुक्रवार, २५ एप्रिल

दादा,

आज दुपारी मशीन वाजलं. मी हातातलं पातेलं टाकून धावले. तू माझंच पहिलं पत्र परत पाठवलंस. आईने मला काही सांगितलं नव्हतं, या माझ्या ओळीखाली तू रेघ मारली आहेस आणि खाली लिहिलं आहेस, "हे खरं आहे?"

तुझं अक्षर म्हाताऱ्या माणसासारखं झालंय. मराठी लिहून किती वर्षं झाली असतील तुला.

वकिलासारखी रेघ मारायची गरज नव्हती. आई असल्या गोष्टी कुणाशी बोलत होती? बाबा लाइपझिगला रसायनशास्त्र शिकायला गेले आणि अडतीस साली हानाला लग्न करून पुण्याला घेऊन आले, ताटातल्या तांदळात सविता नाव लिहिलं, यापलीकडे आपल्याला काय माहीत होतं? सर्वपित्री अमावास्येला ती तीन पानं वेगळी वाढायची. कुणाची ते विचारलं तर म्हणायची, आधी जेवा. तिच्या माणसांची नावं आपल्या घरात एकदाही कुणी घेतली नाहीत. मला ती छप्पन्नाव्या वर्षी एका परक्या बाईच्या पत्रातून कळली. तू लहानपणी एकदा तिच्या पेटीतली, लढाईत तिच्या माहेरून आलेली ती रेड क्रॉसची चिठ्ठी काढलीस, पंचवीस शब्दांची, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तुला मारलं. आठवतं? तू रडला नाहीस, मीच रडले.

तेव्हा तू जायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी उत्तर दिलं आहे.

सुनेत्रा

शनिवार, २६ एप्रिल

दादा,

कालचं पत्र फेकून दे. मी उत्तर दिलं नाही, टाळलं.

आज सकाळपासून त्यांचे दोन फोन झाले. कॅमेऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा वाटलं, याला माझा ताप दिसतो, तोंड दिसतं, बाकी काही दिसत नाही हे किती बरं. आणि मग माझीच मला किळस आली. बाहेर जाता येत नाही, कुणाच्या घरी जाऊन चार इकडच्या तिकडच्या गप्पा मारून विसरता येत नाही. पाच वर्षं मी हे असंच विसरत आले. आता लिहिते, एका दमात, खाडाखोड न करता.

आई जायच्या सहा आठवडे आधीची गोष्ट. हीच खोली. मी तिचे केस विंचरत होते. ती आपणहून म्हणाली, "उल्हास तिकडे गेला तेव्हा मी विमानतळावर गेले नाही. त्याला वाटतं मी रागावले. मला रडू आवरलं नसतं, म्हणून गेले नाही. माझं कुणीतरी पुन्हा त्यांच्या जवळ राहायला चाललं होतं. मला किती बरं वाटलं होतं ते त्याला कधी सांगता आलं नाही." मग म्हणाली, "त्याला सांग, माझ्यासाठी एकदा तिथे जाऊन ये. मला नाही धीर झाला. इतकी वर्षं त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही गं."

ती रागावली नव्हती, दादा. एक दिवससुद्धा नाही. तू तिकडे होतास याचा तिला आधार वाटत होता.

मी तुला कळवलं नाही. विसरले नाही, राहून गेलं नाही, मुद्दाम कळवलं नाही. चार वर्षं तिचं हगणंमुतणं मी काढलं, नोकरी सांभाळून तिच्या वेळा सांभाळल्या, आणि तिने शेवटचं काम सांगितलं ते वर्षातून दोन कार्डं पाठवणाऱ्या तुला. मला इतका राग आला होता की तो आजही आठवतो. मी म्हटलं, दादाला कशाला, मीच जाईन केव्हातरी.

अजून पुढे आहे. आठ दिवसांनी तिने विचारलं, सांगितलंस का त्याला? मी म्हणाले, हो, सांगितलं. काय म्हणाला? मी म्हणाले, "बघतो म्हणाला."

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. पुन्हा कधी विचारलं नाही. तुझं उत्तर 'बघतो' एवढंच आलं असं समजून ती गेली. हे मी तिला केलं, दादा. तुला केलं त्याहून हे मोठं आहे.

आणि चांगीच्या त्या वाळूत दोन तास सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते तेव्हा तिची इच्छा काय राहिली आहे, हे एकट्या मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर तुझ्यासमोर उघडी पडले असते, म्हणून मी पेटीची भाषा केली, आणि वर तुझ्याच माथी मारलं.

गेली दोन वर्षं मी रिगाला जायची खटपट करत होते ती सुद्धा चोरीच होती. तुझं काम तुला न सांगता उरकायचं आणि मोकळं व्हायचं. उद्या ते विमान माझ्याशिवाय जाईल.

तू फॅक्सच्या मशीनची वायर काढून टाकलीस तरी मी काही म्हणणार नाही. फक्त तीस तारखेला अकरा वाजता जा. माझ्या सांगण्यावरून नको. तिने सांगितलं होतं म्हणून. शिक्षिकेचा नंबर आणि जागेचा नकाशा खाली देते आहे.

सुनू

सोमवार, २८ एप्रिल

दादा,

काल दुपारी विमानाची वेळ झाली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. चोआ चू कांगवरून आमच्याकडे हवाई दलाची विमानंच जास्त जातात, तरी उभी राहिले. बॅग अजून भरलेलीच आहे. त्यात एक जाड स्वेटर, आईची ती रेड क्रॉसची चिठ्ठी, आणि आमच्या ब्लॉकखालच्या बागेतले तीन गोटे. ज्यूंमध्ये थडग्यावर फुलं नाहीत, दगड ठेवतात, असं त्या शिक्षिकेने लिहिलं होतं. हुकूम यायच्या आधीच्या रविवारी मी पार्कात वाकून दगड निवडत होते तेव्हा शेजारच्या मिसेस लिमनी विचारलं, मासे पाळणार का. मी हो म्हणाले.

तुझा फॅक्स नाही, फोन नाही. त्या शिक्षिकेला फोन करून विचारावं असं दहा वेळा मनात आलं. केला नाही. तू नाही जाणार असं तिने सांगितलं तर पुढचे दोन दिवस या तीन खोल्यांत मी कशी काढू?

शिरीष आज खाली ब्लॉकपाशी आला होता. मी नवव्या मजल्यावरून बघितलं, त्याने हात केला. मला एकदम वाटलं की सगळं ओरडून त्याला सांगावं. त्यालाही हे माहीत नाही, दादा. तुला सोडून कुणालाच नाही.

ताप छत्तीस पूर्णांक नऊ. थोडा वाढलाय. काळजी करू नकोस, म्हणजे करत असशील तर.

सुनू

गुरुवार, १ मे

दादा,

आपण काल बोललो तरी लिहिते आहे, कारण फोनवर मला काही सांगता आलं नाही आणि तूही फार बोलला नाहीस.

रिगाचे अकरा म्हणजे आमचे दुपारचे चार. मी साडेतीनपासून खुर्ची टाकून फोनपाशी बसले होते. चार वाजले, काही नाही. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी सवयीने कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि थर्मामीटर हातात घेऊन उभी राहिले. आणि कानात तू म्हणालास, "सुनू."

पाच वर्षांनी कुणी मला त्या नावाने हाक मारली. आई गेल्यावर ते म्हणणारं तूच एक माणूस उरला होतास.

तू म्हणालास की दोघांची नावं वाचून झाली, आजोबांचं आणि आजीचं. मग म्हणालास, "तिसरं मी वाचलं नाही. सगळ्यांना थांबवून ठेवलंय. धाकटीचं नाव धाकटीने घ्यावं. बोल, मी फोन वर धरतो."

आता तुला माहीत नाही ते सांगते. नेमका तेव्हा माझ्या कानात टुक टुक आवाज यायला लागला. दुसरा फोन. त्या वेळी दुसरं कोण असणार? त्यांची पहिली ताकीद मला पाठ होती. एक क्षण वाटलं, दादाला सांगावं, जरा थांब, सरकारी फोन आहे. मग वाटलं, आईलाही मी असंच थांबवलं होतं. टुक टुक चालूच राहिलं. मी घेतला नाही.

मी म्हणाले, "लोटे रोझेनथाल, वय बारा." आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले. तिकडे माझा आवाज पोचला की नाही ते मला कळलं नाही. मग तुमच्याकडची माणसं काहीतरी एकदम म्हणाली आणि शांत झाली. मागे कावळे ओरडत होते. आपण दोघांनीही तो विषय काढला नाही.

तू म्हणालास, आईचं ते वाक्य पुन्हा सांग. मी सांगितलं, माझं कुणीतरी पुन्हा त्यांच्या जवळ राहायला चाललं होतं. मग म्हणालास, ठेवतो आता, बस निघते आहे. माफ केलं असं तू म्हणाला नाहीस आणि मीही विचारलं नाही. ते मागायचं तोंड मला नाही.

पाऊण तासात तीच मुलगी आली. सोबत एक माणूस आणि एक पेटी. फोन दोनदा लागला नाही म्हणाली. मी हात पुढे केला. पट्टी काळी आहे, घड्याळापेक्षा जाड, कातडीला घट्ट. ती लावताना तिला वाईट वाटत होतं. "आंटी, हू यू टॉक टू सो लाँग?"

मी म्हणाले, "माझा भाऊ."

तिला मराठी कुठून कळणार. पण तिने मान डोलवली आणि जाताना म्हणाली, "टू मोअर डेज ओन्ली, आंटी."

परवा पट्टी काढतील, दाराचं कुलूप मोकळं होईल, मैत्रेयी कॉरिडॉरच्या टोकाहून जवळ येईल. शिरीषला मी सगळं सांगणार आहे, त्या दिवशी घरी आला की लगेच. तीन गोटे मी पोस्टाने तुझ्याकडे पाठवते. पुन्हा जाशील तेव्हा ठेव, किंवा मी येईपर्यंत जपून ठेव.

दादा, आईला मी सांगितलं होतं, 'बघतो म्हणाला.' पाच वर्षं ते खोटं माझ्या उरावर होतं. काल चार वाजून दहा मिनिटांनी तू ते खरं केलंस.

तुझी
सुनू